उत्तरं निरनिराळी असू शकतात

इतिहास हा राष्ट्राचा कणा आहे, आणि कण्याबाबत सर्वसाधारण नियम असा की दुखायला लागेपर्यंत तो आपल्याला आहे हे ध्यानात येत नाही. आमच्या घरात तो ख्रिसमसचं झाड माळ्यावर टाकताना दुखला. माझी बायको डार्ला शिडीवरूनच ओरडली, "रॉइस! अरे, कझायाचा अमेरिकेचा इतिहास राहूनच गेला की रे!"

कझाया आमची मुलगी, वय सतरा, शाळा घरीच. जनावरांच्या डॉक्टरांना मदत करण्याच्या अभ्यासक्रमात तिची जागा ठरली होती. फक्त शेवटच्या गुणपत्रकात अमेरिकेचा इतिहास हवा होता. पोरीला त्या अभ्यासक्रमाचीच काय ती आस होती. गाय अडली की शेजारीपाजारी आधी हिलाच हाक मारतात.

आमच्या मिझुरी राज्याचा कायदा घरी शिकवणाऱ्यांबाबत अत्यंत उदार आहे. मास्तर आपण, हेडमास्तर आपण, तपासनीस आपण, आणि मधल्या सुट्टीतला खाऊही आपणच करायचा. तास भरले की झालं. कोंबड्यांना दाणे टाकणे : जीवशास्त्र. कोंबडी कापणे : प्रगत जीवशास्त्र. चार जुलैचे, म्हणजे स्वातंत्र्यदिनाचे, फटाके : इतिहास (मेव्हण्याचा अंगठा भाजल्यास रसायनशास्त्रसुद्धा). तरीही अमेरिकेच्या इतिहासाला एखादं पुस्तक असावं, असा रिवाज आहे. सबब, कमी कष्टाचं पुस्तक शोधणे प्राप्त झाले.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. कमी कष्टाचं म्हणजे मुलीला कमी कष्टाचं नव्हे. पोरं कष्ट करतात, त्यांना कोण अडवतंय? कष्ट आईबापांचे वाचले पाहिजेत. ते वाचवण्यासाठी डार्लाने जे कष्ट उपसले, तेवढ्यात तिने स्वतः इतिहास लिहून, छापून, वर शिवणसुद्धा घातली असती. ती फोनवर इतर आयांची मतं वाचत बसे आणि इकडे बिस्किटं करपत. (करपलेली बिस्किटं : गृहशास्त्र.)

मग स्प्रिंगफील्डला अभ्यासक्रमांची जत्रा भरली, तिथे गेलो. पहिल्या दुकानातल्या अभ्यासक्रमात पुस्तकं वाचायची होती. बाद. दुसऱ्यात पिठाचा किल्ला करायचा होता. "आणि ओटा कोण पुसणार, जॉर्ज वॉशिंग्टन?" असं म्हणून डार्ला पुढे झाली. तिसऱ्यात रोज रात्री जेवताना आईवडिलांनी मुलाशी चर्चा करावी, अशी सूचना होती. आमच्याकडे जेवताना जेवतात.

तेवढ्यात वर्लीनबाई भेटल्या. आमच्या भागातल्या घरशाळावाल्यांच्या या पुढारी. त्यांनी एक पातळ पुस्तक डार्लाच्या हातात ठेवलं.

"अगं, डोक्याला ताप कशाला? माझ्या पाचही पोरांनी हेच केलं. एकालाही काही झालं नाही."

(हे अक्षरशः खरं आहे. मी पाचांनाही ओळखतो.)

डार्लाने पुस्तक मागून उघडलं. जाणकार आई अभ्यासक्रम नेहमी मागून उघडते, कारण उत्तरं तिथे असतात. सुरुवातीला दोन-चार सनावळ्या होत्या. त्यापुढे प्रत्येक प्रश्नासमोर एकच उत्तर छापलेलं होतं : उत्तरं निरनिराळी असू शकतात. डार्लाचे डोळे भरून आले. ज्याने हे लिहिलं, त्याला घर आहे, मुलं आहेत, आणि संध्याकाळी तो थकतो, हे तिला एका वाक्यात कळलं.

पुस्तक छान चाललं. म्हणजे आम्हाला त्याचा काही त्रास नव्हता. मार्चमध्ये बटाटे लावताना मात्र कझायाच्या फावड्याला बाणाचं दगडी टोक लागलं. त्यात नवल नाही. इथे घरोघरी कॉफीचा जुना डबा असतो आणि वावरात सापडलेली अशी टोकं त्यात टाकतात. पाहुणे आले की डबा खुळखुळवून दाखवायचा, पाहुण्यांनी "अरे वा" म्हणायचं, डबा परत खिडकीत.

"बाबा," कझाया म्हणाली, "ही ज्यांची, ती माणसं गेली कुठे?"

"इथले मूळचे लोक, ओसेज जमातीचे होते ते. पुस्तकात असेल बघ."

"पुस्तकात आहे, 'ते पश्चिमेकडे सरकले.' असंच? जेवण झालं, हात धुतले आणि सरकले? नदीला नाव त्यांचं, टायरच्या दुकानाला नाव त्यांचं, आणि माणूस एक नाही!"

"आईला विचार."

"आईने तुम्हाला विचारायला सांगितलंय."

पुस्तकातला शेवटचा प्रश्न असा होता : 'तुमचं कुटुंब राहतं ती जमीन तुमच्याकडे कशी आली?' कझायाने पेन खाली ठेवलं. कुणीतरी खरं सांगितल्याशिवाय लिहिणार नाही म्हणाली. गुणपत्रक शुक्रवारपर्यंत पोचलं नाही, तर जागा दुसऱ्याला. डार्लाचा धीर सुटला. तिने वर्लीनबाईंना फोन लावून कझायाच्या हातात दिला.

"सोप्पं आहे गं, विकत घेतली, असं लिही," वर्लीनबाई म्हणाल्या.

"कुणाकडून?"

"सरकारकडून."

"आणि सरकारने कुणाकडून?"

"बाई गं, माझा केक ओव्हनमध्ये आहे," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

शेवटी मी आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात ती गोष्ट सांगितली. खापरपणजोबा इथे आले तेव्हा देवाने त्यांच्यासाठी सगळी तयारी करून ठेवली होती. झाडं तोडलेली, रान साफ, मक्याचे खुंट उभे, झऱ्याकाठी चुली. चुलीत राख. "एवढी कृपा," आजोबा म्हणायचे, "की फाळ लावायचा अवकाश."

 कझाया म्हणाली, "बाबा, देव मक्याची भाकरी थापत होता का हो?"

मी म्हणालो की जेवण गार होतंय.

गुरुवारी तिने दोनच वाक्यं लिहून दिली : 'जमीन आम्हाला साफ केलेली मिळाली. कुणी केली होती हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे, म्हणून कुणी सांगत नाही.' मी मागचं पान उघडून उत्तर ताडून पाहिलं. बरोबर होतं. पूर्ण गुण दिले, हेडमास्तर म्हणून सही ठोकली, आणि पोरीला जागा मिळाली. गुणपत्रक तिने बघितलंसुद्धा नाही. खिडकीतला डबा उचलला, जेवणाच्या टेबलावर मधोमध ओतला आणि बॅग भरायला गेली. ती टोकं अजून तिथेच आहेत. डार्ला त्यांच्या बाजूने रस्सा सरकवते. आम्ही हळू जेवतो.

तुम्ही हसलात, हरकत नाही, आम्ही अमेरिकन माणसं हसण्यासारखीच आहोत. आता वहीचं एक पान घ्या. तुमचं घर उभं आहे, त्या जागेवर तुमच्या आधी कोण राहत होतं, आणि ते कुठे सरकले? उत्तरं निरनिराळी असू शकतात. आणि गॅसवर दूध ठेवलं असेल, तर आधी ते बघून या.