निजलेल्या बुद्धाची चादर

शेवंता सिस्टर मूर्तींची नाडी पाहतात, हे ऐकलं तेव्हा मी विश्वास ठेवला नाही. माझ्या पीठगिरणीवर बाया काय वाट्टेल ते बोलतात. मग डॉक्टरांनी मला साखरेपायी चालायला लावलं, आणि पुलगावच्या नदीकाठच्या वाटेवर मी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

वाट मोठी शांत. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला बुद्धमूर्तींची रांग. काही उभ्या, काही बसलेल्या, आणि शेवटी उजव्या कुशीवर निजलेली एक लांबलचक. माझ्या शेजारी राहणाऱ्या, दवाखान्यातून निवृत्त झालेल्या सिस्टर त्या रांगेतून वॉर्डाचा राउंड घेत होत्या. उभ्या बुद्धाच्या मनगटाला बोटं लावून त्यांनी घड्याळ पाहिलं. ध्यानस्थाला दटावलं, "पाय मोकळे करत जा जी. मुंग्या येतीन." मग माझ्याकडे वळल्या. "तू काऊन थांबली? चाल. साखर उभ्यानं उतरत नाई."

मी चालले. इतकी हादरले होते, की चपलेचा पट्टा तुटल्याचं घरी आल्यावर कळलं.

खरा धक्का पौर्णिमेला बसला. निजलेल्या बुद्धाच्या पाठीशी सिस्टरनी फुलाफुलांच्या चादरीची गुंडाळी खोचली होती. वंदनेला आलेल्या बाया तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. विहार समितीचे अध्यक्ष, आमचे गुरुजी, रागानं चादरीकडे बोट दाखवत होते.

"सिस्टर, हे काय?"

"जयभीम, गुरुजी. कवाचे एकाच कुशीवर हायेत. पाठीले आधार नको?"

"ही महापरिनिर्वाणाची मूर्ती आहे, पेशंट नाही. चादर काढा, नाहीतर उद्यापासून या वाटेवर येऊ नका."

"बुद्ध देव होता काय?"

"नव्हता," गुरुजी म्हणाले. "माणूस होता."

"मंग माणसाची पाठ दुखते."

मागे कोणीतरी हसलं. गुरुजी हसले नाहीत. "त्यांच्याजवळ शिष्य आनंद होता, सिस्टर. सारा भिक्षुसंघ होता. तुमच्या चादरीवाचून काही अडलं नव्हतं."

सिस्टर चादर काढायला वाकल्या, आणि वाकूनच बोलल्या, "होता ना आनंद. वॉर्डात मरताना कित्येकाईजवळ कोणीच नसे. मी बसत होती, ड्यूटी सरली तरी. आता माह्या टायमाले कोण बसन? घरी त कोणी नाई. म्हनलं, आतापासून यायच्याशी ओळख ठेवावी."

त्यांच्या भिंतीला माझी भिंत आहे. दळण मी घरपोच देते, पाच मिनिटं टेकतेही. आणि हे त्या इथं दगडापाशी येऊन बोलत होत्या. 

गुरुजींनी पुढे होऊन चादरीवर हात ठेवला.

"राहू द्या आज," ते म्हणाले. "उद्या पांढरी आणा. फुलांची बरी दिसत नाही."