गेनूआबांच्या तांब्यातलं पाणी

कामशेतहून पवनानगरला येणाऱ्या जीपमध्ये एखादा म्हातारा मांडीवर काठोकाठ भरलेला तांब्या घेऊन तुमच्या शेजारी बसला, तर बिचकू नका. त्याला कुठल्या देवाला पाणी घालायचं नाही, आणि कुणाच्या दहाव्यालाही जायचं नाही. तो आमचा रस्ता तपासतोय. तुम्ही फक्त आपले कपडे सावरून बसा.

हे आमचे गेनूआबा. पवनानगरच्या पुढं धरणाच्या कडेकडेनं गेलात की आमची वाडी लागते. तिथं त्यांचं आणि आमचं घर भिंतीला भिंत लावून आहे. मी या वाडीची सून आणि पवनानगरच्या शाळेत शिक्षिका, त्यामुळं आबा मला ‘बाई’ म्हणतात, आणि जगातल्या सगळ्या तक्रारी ऐकण्याचा पगार मला मिळतो असं धरून चालतात.

जीपमधून उतरले की आबा आधी तांब्यात डोकावतात, मग स्वतःच्या ओल्या धोतराकडं बघतात. नवखे प्रवासी एकमेकांना खुणावतात आणि वयाचा मान ठेवून तोंड फिरवतात. एकदा पुण्याच्या एका पोरीनं दया येऊन टिश्यूचं पाकीट पुढं केलं. आबा जे भडकले! “माजं न्हाई हे, रस्त्याचं हाय!” अख्ख्या स्टँडला ऐकू गेलं. ती पोर बिचारी लोहगड न बघताच परत गेली असणार.

कुणी भेटलं की रामराम नाही, जेवलात का नाही. “काय, पानी हाललं का?” हा पहिला प्रश्न. ज्याच्यावरून जाताना पोटातलं पाणी हलत नाही तो चांगला रस्ता, आणि काहीही झालं तरी ज्याच्या पोटातलं पाणी हलत नाही तो साहेब. रस्त्यांबद्दल आणि साहेबांबद्दल आबांना याहून जास्त काही म्हणायचं नसतं.

आमचा रस्ता एके काळी चांगला होता, हे सांगितलं तर आता कुणाला खरं वाटत नाही. एसटी थेट वाडीपर्यंत यायची. दुधाचा टेम्पो दारातून कॅन उचलायचा. गड उतरून दमलेली पोरं आमच्याकडं धरणाकाठी तंबूत राहायची आणि वाडीतल्या बाया त्यांना पिठलं-भाकरी खाऊ घालून आपल्या लेकींची कॉलेजं भागवायच्या. आबा तेव्हा वडापची जीप चालवायचे, कामशेत ते वाडी. ओढ्यावरच्या मोरीजवळ रस्त्याला बोटभर चीर गेलेली पहिल्यांदा त्यांनीच पाहिली. ऐन उन्हाळा होता. ते तसेच तालुक्याच्या कचेरीत गेले. “साहेब, घमेलंभर डांबर टाका, भागंल,” म्हणाले. साहेब म्हणाले, तरतूद नाही.

बरोबरच आहे. डागडुजीचा नारळ फुटत नाही, फलक लागत नाही, फोटो छापून येत नाही. चिरेत बोळा कोंबण्यासाठी कोण फेटा बांधून येईल? रस्ता पुरता मरू द्यायचा, मग त्याच्या जागी नवा मंजूर करायचा, मग तोही मरू द्यायचा. आमच्या रस्त्याच्या नशिबी तर ते नवा मंजूर होणंही आलं नाही. पावसाचं पाणी चिरेत शिरलं, गणपतीपर्यंत खड्डा झाला, दिवाळीपर्यंत म्हैस लोळेल एवढं डबकं. एसटीचा पुढचा पाटा तिथं तुटला आणि गाडी बंद झाली. दुधाचा टेम्पोवाला म्हणाला, पवनानगरला आणून द्या. तंबूवाली पोरं खड्ड्याच्या अलीकडंच राहायला लागली. वाडीतल्या मुलांना बघायला येणारे पाहुणे अर्ध्या वाटेतून फोन करून सांगू लागले की आमची मुलगी अजून लहान आहे. भरभराट झाली ती एका गॅरेजवाल्याची. त्यानं परवा माडी चढवली.

त्याच दिवाळीत आक्का भाऊबीजेला आली होती. आक्का म्हणजे आबांची थोरली बहीण, मळवलीला दिलेली. आई लवकर गेली, तेव्हा आबांना हिनंच वाढवलं. परत जाताना आबांनी तिला आपल्याच जीपमध्ये बसवलं, पण पुढच्या सीटवर एक बाहेरगावचा पाहुणा होता, म्हणून आक्का मागच्या फळकुटावर. मोरीजवळ जीप आदळली. आक्काचा मणका गेला.

जीप आबांनी त्याच महिन्यात विकून टाकली. आक्का दोनेक वर्षांनी उठून बसली, चार पावलं टाकायला लागली, पण डॉक्टरांनी आबांना बजावलं, “धक्का अजिबात चालायचा नाही. पोटातलं पाणी हलणार नाही असाच रस्ता असेल तर न्या.” डॉक्टर बोलायचं म्हणून बोलले. आबांनी मात्र घरी येऊन तांब्या घासला.

तेव्हापासून हे चाललंय. आबा मळवलीला जातात, आक्का विचारते, “रस्ता झाला का रं गेन्या?” आबा म्हणतात, “आज बगतो.” कामशेतला नळावर तांब्या भरतात, जीपमध्ये बसतात, आणि वाडीत येतात ते भिजून. आक्काला एकदा माहेरी यायचं होतं. आईच्या हातची चूल आणि दारातला आड बघायचा होता. एवढंच मागणं, आणि ते सरकारदरबारी अडलेलं.

मी एकदा सुचवलं, आपण पोरं जमवून आक्कांना खुर्चीत बसवून उचलून आणू. डोंगरातल्या वाड्यांवरून आजारी माणसं अशीच येतात. आबांनी निरोप नेला, उत्तर घेऊन आले. आक्का म्हणाली होती, “जित्तेपनी खांद्यावरनं न्हाई यायची मी माह्याराला. खांद्यावरनं येकदाच जायाचं आस्तं.”

दरवर्षी आबा मोरीजवळ स्वतः मुरूम टाकायचे. दरवर्षी धरणाकाठी झालेल्या रिसॉर्टला पाणी नेणारे टँकर तो चिरडून टाकायचे. शेवटी आबा तांब्या घेऊनच कचेरीत गेले. मी रजा टाकून सोबत होते, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलं. आबांनी भरलेला तांब्या साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “साहेब, आमच्या वाडीला पानी टिकत न्हाई.”

साहेबांनी तांब्याकडं पाहिलं. “पाणीपुरवठा शेजारच्या इमारतीत.”

“तसलं पानी न्हाई, साहेब. पोटातलं.”

“मग दवाखान्यात जा.”

मी समजावायला तोंड उघडलं, तोवर शिपायानं आम्हाला तांब्यासकट शेजारच्या इमारतीत पोचवलं होतं. तिथले साहेब भले निघाले. त्यांनी खुर्ची दिली, ‘वाडीला पाणी टिकत नाही’ हे लिहून घेतलं, आणि नवल म्हणजे काम केलं. महिन्याभरात जेसीबी आला आणि पाइपलाइनसाठी आमच्या रस्त्याचा शाबूत राहिलेला एकमेव तुकडा उभा खणून काढला. नळ बसले. पाणी अजून यायचंय. वाडीतले लोक आबांशी पंधरवडाभर बोलत नव्हते, आणि आबा तांब्याशी.

मग गेल्या हिवाळ्यात धरणाकाठच्या रिसॉर्टवर कुणा बड्या माणसाच्या मुलीचं लग्न ठरलं. मोठमोठे पाहुणे येणार होते. ज्या कामाला इतकी वर्षं तरतूद नव्हती, त्याला आठवड्यात डांबर, खडी, रोलर सगळं सापडलं. पुढच्या पावसापर्यंत का होईना, कामशेतपासून सगळे खड्डे बुजले, मोरीसुद्धा नवी झाली. आणि रिसॉर्टच्या कमानीपाशी डांबर सुरीनं कापल्यासारखं संपलं. तिथून वाडी दिसते. दोन वळणं, बस्स. रोलरवाल्याला विचारलं तर म्हणाला, “आमाला हितवरच सांगितलंय.”

आनंदाच्या भरात आबांना मात्र ते कापलेलं डांबर दिसलंच नाही. कामशेतहून कमानीपर्यंत तांब्यातला थेंब सांडला नव्हता. पुढची दोन वळणं ते पायी आले, दारात उभे राहिले आणि धोतराचा सोगा माझ्यापुढं धरला. “बगा बाई, कोरडं!” इतकं हसताना मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं; त्या दोन वळणांची आठवण करून द्यायचा धीर मला झाला नाही.

रविवारी आबांनी गाडी ठरवली, मलाही मळवलीला ओढून नेलं. आक्का पुढच्या सीटवर उशा लावून बसली. पुढच्याच सीटवर. आबा मागं, मांडीवर तांब्या. कमानीपर्यंत पाणी खरंच हललं नाही. आक्का बाहेर बघत एकेका गावाचं नाव घेत होती, लहान मुलीसारखी. कमान ओलांडून गाडीचं चाक पहिल्या खड्ड्यात उतरलं आणि आक्का कळवळली. तांब्याचं पाणी आबांच्या छातीवर उडालं.

“थांबव,” आबा म्हणाले. “मागं घे.”

कमानीपाशी झेंडूची तोरणं लागली होती. पाहुण्यांच्या गाड्या यायच्यात, इथं उभं राहायचं नाही, असं वॉचमननं सुनावलं. आम्ही आक्काला डांबराच्या शेवटच्या कडेला, करंजाच्या झाडाखाली चादरीवर बसवलं. तिथून आमच्या घरांची कौलं दिसत होती. माझ्या मनात आलं, त्या तोरणांना काडी लावावी.

“पानी पी, आक्का,” आबांनी तांब्यात उरलेलं पाणी पुढं केलं.

“हे कामशेतचं. माज्या आडाचं न्हाई.”

आबांनी तांब्या तिथंच ओतला आणि वाडीकडं चालायला लागले. मी म्हटलं, मी आणते; त्यांनी मागं वळूनही पाहिलं नाही. तो म्हातारा दोन्ही हातांत तांब्या धरून, खड्डे चुकवत, ठेचकाळत परत येताना आम्ही बघत राहिलो. त्यांच्यापलीकडं कौलं, आमच्या मागं सनईची रेकॉर्ड.

आबा आले तेव्हा धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं होतं. आक्कानं तांब्यात डोकावून पाहिलं.

“अर्दाच आनलास रं?”

“वाटंत सांडलं.”

ती घोट घोट प्याली. तळाशी राहिलेलं ओंजळीत घेऊन तोंडावर फिरवलं आणि तशीच ओल्या तोंडानं कौलांकडं बघत बसली. आबा तिच्या पायाशी बसले. त्यांनी हळूच, सवयीनंच विचारलं, “आक्का, पानी हाललं का गं?”

“हाललं रं,” आक्का म्हणाली. “आत्ता हाललं.”