मूठभर लोक आणि डावा बूट

सकाळचे ऊन त्या खोलीत कधीच घाईने येत नसे. आधी ते खिडकीच्या गजांवर थोडे रेंगाळे, मग समोरच्या भिंतीवर त्या गजांच्या पाच तिरप्या सावल्या मांडी, आणि त्या नीट बसल्याची खात्री झाल्यावरच पुढे सरके. भिंतीवरून ते कपाटाच्या मुठीवर येई. ती पितळी मूठ क्षणभर एखाद्या खानदानी घरातली असल्यासारखी चमके आणि पुन्हा निमूटपणे मूठ होई. तिथून ते टेबलावर उतरे, पाण्याच्या पेल्यातून जाताना वाकडे होई, पलीकडे पडल्यावर सावरे. अंथरुणात डोळे उघडे ठेवून पडलेला तो तरुण हा प्रवास रोज पाहत असे. जगात निदान एक तरी गोष्ट आरडाओरडा न करता आपले काम करते, याचे त्याला रोज हळवे समाधान वाटे.

आज मात्र ऊन टेबलावरून फरशीवर आले, फरशीवरून दारापर्यंत गेले आणि दाराजवळच्या मांडणीत एकट्याच उभ्या असलेल्या तपकिरी बुटावर जाऊन थांबले. उजव्या बुटावर. आणि तिथून हलेचना!

तो उठला. दाराखालून आलेले वर्तमानपत्र त्याने त्या बुटावर पांघरले. वरच मथळा आला: ‘मूठभरांचा धुडगूस, सामना अकरा मिनिटे बंद!’ त्याने पान उलटून घातले. मागे छायाचित्र होते. छायाचित्रात बूट होता. डावा.

त्याच्या मते त्याचा बूट हरवला होता, एवढेच. काल फुटबॉलच्या सामन्यात शेवटच्या मिनिटाला पंचांनी आपल्या संघाविरुद्ध पेनल्टी दिली, प्रेक्षकांच्या पूर्वेकडच्या पायऱ्यांवर एकच रेटारेटी झाली, आणि त्या रेट्यात बूट निसटला असणार. मागाहून मैदानात पाण्याच्या बाटल्या गेल्या, एक छत्री गेली, बसायच्या तीन गाद्या गेल्या, कोणाचा तरी अर्धा कोबीसुद्धा गेला. पण त्या सगळ्यांच्या आधी जो तपकिरी बूट गेला, त्याच्याशी आपल्या तपकिरी बुटाचे काही नाते असेल, असे मानायला तो तयार नव्हता. लहानपणी ताईने त्याला नाडीची दुहेरी गाठ शिकवली होती. “पाय तुटेल, पण बूट सुटणार नाही!” असे ती म्हणायची. या आठवणीवरही त्याने मनातल्या मनात एक वर्तमानपत्र पांघरले.

आणि टेबलावर त्या मूठभरांचा धिक्कार करणारे त्याचे निवेदन तयार होते! पूर्वेच्या पायऱ्यांच्या पाठीराखे मंडळाने ते लिहिण्याचे काम त्याच्यावर सोपवले होते, कारण त्याचे अक्षर सुंदर होते आणि तो नाही म्हणू शकत नसे. असे जळजळीत निवेदन या मैदानाच्या इतिहासात झाले नव्हते, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. ते खिशात घालून, बाबांचे जुने काळे बूट पायात अडकवून, फटक फटक आवाज करीत, तो कामावर निघाला.

तो चष्म्याच्या दुकानात कारागीर होता. काचा घासणे, काड्या सरळ करणे, स्क्रू बसवणे: सारी कामे मान खाली घालून करायची, म्हणून त्याला ती आवडत.

“हे काय, वडिलांचे बूट?” मालकांनी विचारले.

“टाचेला फोड आलाय.”

“मग दोन मापं मोठे कशाला?”

“फोड मोठा आहे.”

 तेवढ्यात दार उघडून मैदानावरचे काका आत आले. सामन्याआधी मैदानावर चुन्याच्या पांढऱ्या रेषा मारण्याचे काम हे काका बत्तीस वर्षे करीत होते. त्यांनी समोरच्या आरशाला नमस्कार केला, मग माणूस कुठे आहे ते चाचपून त्याच्यापुढे चष्मा ठेवला. डावी काच फुटलेली, काडी वाकलेली.

“बघ बाबा, काही होतंय का. सकाळी तसाच रेषा मारायला गेलो. मधलं वर्तुळ पार बटाट्यासारखं झालंय.”

“कोणी केलं हे, काका?”

“बुटानं केलं. बुटाच्या मालकाशी अजून ओळख व्हायचीय.” असे म्हणून काकांनी पिशवीतून तपकिरी बूट काढला आणि काउंटरच्या काचेवर, नव्या फ्रेमांच्या रांगेत ठेवला.

तरुणाने बुटाकडे पाहिले. बुटाने त्याच्याकडे पाहिल्यासारखे वाटले. आणि त्याचा संताप असा उसळला, की त्याचे त्यालाच नवल वाटले!

“असल्या माणसाला माणूस म्हणू नये, काका! हे पाठीराखे नव्हेतच! चार टाळकी येतात, धिंगाणा घालतात, आणि नाव कोणाचं खराब होतं? आमचं! जन्मात ज्यांनी आवाज चढवला नाही अशी शेकडो माणसं तिथे बसतात!”

मालक आतून डोकावले. चार वर्षांत या पोराचा आवाज काउंटर ओलांडून गेला नव्हता.

“माणूसच असेल रे,” काका म्हणाले. “जनावर काही नाडीचे बूट घालत नाही. एका पायानं घरी गेला असेल बिचारा. त्या रस्त्याला नुसती खडी आहे.”

“बिचारा?” खडी अजून त्याच्या डाव्या टाचेत ठणकत होती. “बिचारा काय म्हणता! त्याला भर मैदानात उभं केलं पाहिजे!”

“मैदानाची कमिटी तेच म्हणतेय. पाच वाजेपर्यंत फेकणाऱ्यानं येऊन कबूल केलं तर ठीक. नाहीतर पूर्वेच्या पायऱ्यांना हंगामभर कुलूप! किल्ली माझ्याकडेच दिलीय. आता मला कुलूप दिसायला तरी हवं, म्हणून आलो.”

तरुणाच्या हातातला स्क्रू खाली पडला. पूर्वेच्या पायऱ्या! नववी रांग! घरी तो हळू बोले, दुकानात त्याहून हळू. लग्नसमारंभात त्याला लोक भिंत समजून टेकत. फक्त त्या नवव्या रांगेत दर आठवड्याला नव्वद मिनिटे तो शेजारच्या अनोळखी माणसाच्या खांद्यावर हात टाकून बेंबीच्या देठापासून ओरडत असे. कोणत्या तरी गुंडापायी तीही जागा जाणार? कोणता तरी गुंड! त्याने स्क्रू शोधायला मान खाली घातली आणि बराच वेळ वर काढली नाही.

दुपारी भोंगा आला. भोंगा म्हणजे पाठीराखे मंडळाचा प्रमुख. हा कुजबुजला तरी दोन दुकाने पलीकडचा न्हावी दचकून गिऱ्हाइकाचा कल्ला उडवी. त्याने तिथेच उभे राहून निवेदन वाचायला सुरुवात केली, आणि रस्त्यावरची माणसे थांबू लागली.

“‘...या मूठभर समाजकंटकांशी आमचा काडीइतकाही संबंध नाही! तो नीच बूट आम्हा सच्च्या पाठीराख्यांपैकी एकाच्याही पायात बसणार नाही, हे आम्ही छातीठोकपणे सांगतो!’ वा! अरे, काय लिहिलंयस! अंगावर काटा आला!”

“ते... जरा अलंकारिक आहे,” तरुण पुटपुटला.

“अलंकार गेला खड्ड्यात! बसवूनच दाखवू! सगळ्यांनी यायचं, बूट घालून बघायचा, बसला नाही की सही! निवेदनाखाली चारशे सह्या! कमिटीच्या तोंडावर मारू! बूट आहे कुठे?”

बूट समोरच होता.

“अहो, हे चष्म्याचं दुकान आहे!” मालक कळवळले. कोण ऐकतो!

तासाभरात रांग कोपऱ्यावरून वळली. संतापलेली माणसे मोजे काढून उभी राहिली. बेकरीवाल्याचा पाय बुटाच्या तोंडाशीच अडला, तेव्हा टाळ्या पडल्या. निवृत्त मुख्याध्यापकांचा पाय आत गेला पण बाहेर येईना. दोघांनी त्यांना आणि दोघांनी बुटाला धरून ओढले. “पुराव्याला जपून!” भोंगा ओरडला. ज्याचा पाय मोठा तो ताठ मानेने सही करी, ज्याचा लहान तो त्याहून ताठ मानेने. दुकानात मोज्यांचा असा वास कोंडला, की नेत्रतपासणीला आलेल्या एका बाईंना पहिल्या ओळीचे मोठे अक्षरसुद्धा दिसेना.

“याचं माप राहिलं की!” बेकरीवाल्याने तरुणाकडे बोट दाखवले.

“काहीतरीच काय! लेखकाचं कसलं माप घ्यायचं?” भोंग्याने त्याला झटकले. लेखकाने बाबांच्या बुटात बोटे आवळली आणि काकांची काच घासायला घेतली. ती एव्हाना इतकी घासून झाली होती, की फुंकर मारली तर उडाली असती.

तेवढ्यात दाजी आले. त्याच्या ताईचे यजमान. नोंदणी कचेरीत कागदांवर शिक्के मारणारे, आणि कागदाखेरीज जगात कशावरही कधी काही न आपटलेले. ते फक्त वाचायचा चष्मा न्यायला आले होते. पण रांग दिसली की तिच्या शेवटी उभे राहायचे, हा त्यांचा स्वभाव. नंबर आल्यावर सांगितले तसा त्यांनी पाय पुढे केला.

बूट बसला. असा बसला, जणू मोचीने माप घेऊन शिवला होता!

रांगेतल्या माना एकदम पुढे आल्या.

“अरे!” भोंगा खाली वाकला. “आणि तुमच्या दुसऱ्या पायातला बूटही अगदी असाच! रंग तोच, टाच तीच!”

“हो, पण... हा बघा ना, मी आत्ताच काढलेला. माझे दोन्ही आहेत!”

“म्हणजे पुरावा लपवायला रातोरात नवा जोड घेतला! केवढा पोचलेला माणूस!”

“अहो, मी फुटबॉल बघतसुद्धा नाही!”

“म्हणूनच! बघणारा माणूस असं करेलच कसा? मी पहिल्यापासून सांगतोय, हा बाहेरचा आहे!”

रांगेतून संतापाची लाट आली. “धरा त्याला!” “तोंड बघा कसं गरिबाचं!” “कमिटीपुढे न्या!”

“ऐकून तर घ्या,” दाजी रडवेले झाले. “हिनं एकदम दोन जोड घेतले होते, सारखेच. एक मला आणि एक...”

ते थांबले. त्यांची नजर काउंटरपलीकडे गेली. आधी मेव्हण्याच्या चेहऱ्यावर, मग काउंटरखालून डोकावणाऱ्या त्या दोन मापे मोठ्या काळ्या बुटांवर. 

“...एक दुकानातच राहिला,” ते म्हणाले. “चला. कुठे यायचंय? फक्त हिला कोणी सांगू नका.”

भोंग्याने त्यांचा दंड धरला. एका पायात स्वतःचा बूट, दुसऱ्यात दुसऱ्याचा, असे ते दाराकडे निघाले, आणि दोन्ही इतके सारखे होते, की चालताना काही फरकच कळत नव्हता. ते पाहून तरुणाने हातातले काम खाली ठेवले. आपण मागून किती नीट, किती बिनबोभाट वाचलो!

“थांबा!”

न्हाव्याच्या दुकानापर्यंत ऐकू गेले. भोंगासुद्धा दचकला.

“तो बूट माझा आहे.”

“तुझा?” भोंग्याने निवेदनाकडे पाहिले, मग त्याच्याकडे, मग पुन्हा निवेदनाकडे. “पण तू तर सच्चा! तूच लिहिलंयस हे!”

“निसटला!” तरुण घाईघाईने म्हणाला. “रेटारेटी झाली, कोणाचा तरी पाय पडला, आणि निसटला! मी काही त्या चार टाळक्यांतला नाही!”

“निसटला!” भोंग्याचा चेहरा फुलला. “अरे मग असं सांग ना! अपघात! ऐकलंत का, अपघात झाला! सोडा रे त्यांना! लिही खाली, ‘एका सच्च्या पाठीराख्याचा बूट अनवधानाने...’”

रांगेने सुटकेचा निःश्वास टाकला. बेकरीवाल्याने दाजींचा खांदा थोपटला. सगळे कसे छान जुळून आले होते. घड्याळात पाचाला वीस मिनिटे होती.

“पण कमिटीला फेकणारा हवाय,” कोपऱ्यातल्या स्टुलावरून काका म्हणाले. “निसटणारा नको. माझा चष्मा झाला का?”

तरुणाने चष्मा त्यांच्या नाकावर चढवला, काड्या कानांमागे नीट बसवल्या. काकांनी दिवसभरात पहिल्यांदाच त्याला पाहिले. बराच वेळ पाहिले. मग दाजींच्या पायातला बूट मागून घेतला आणि तरुणापुढे ठेवला.

“घाल बघू.”

तो बसला. बूट घातला. सवयीने त्याच्या बोटांनी नाडी ओढली, फास केला, दुसरा फास केला आणि घट्ट आवळला.

“आता झटक पाय.”

त्याने पाय झटकला. बूट जागेवरच.

“जोरात! रेटारेटी आहे असं समज!”

त्याने काउंटरला धरून लाथ झाडली. पुन्हा झाडली. फ्रेमांची एक अख्खी रांग खाली आली, मालकांनी कपाळावर हात मारला, भोंग्याने मदत म्हणून दोन्ही हातांनी टाच धरून ओढली, बूट सुटेना. बाहेर सह्या केलेली सारी माणसे काचेला नाक लावून पाहत होती.

“ताईनं शिकवलेली गाठ आहे,” दाजी हळूच म्हणाले. “ती अशी सुटत नाही.”

तरुणाने पाय खाली ठेवला. दुपारचे ऊन दुकानाच्या दारातून आत आले होते आणि सकाळसारखेच, पण या वेळी डाव्या बुटावर, येऊन थांबले होते. झाकायला हाताशी एक निवेदन तेवढे होते.

“काका, किल्ली आणलीय ना? ती परत द्यायला कमिटीकडे चला,” तो म्हणाला.

काल पेनल्टी जाहीर झाल्यावर तो नवव्या रांगेत खाली बसला होता. त्याने ती गाठ दोन्ही हातांनी, एकेक फास करून, सावकाश सोडली होती.