परबकाकांचं माप

आमच्या मुलुंडच्या इमारतीत परबकाका कुणालाच ‘कसा आहेस’ विचारत नाहीत. ‘किती?’ एवढंच विचारतात. मरणाची भीती दहापैकी किती, असा त्याचा अर्थ. तेही फक्त हृदयरोग्यांना. मधुमेहवाल्यांना ते मोजतच नाहीत.

बायपासनंतर काका इस्पितळात होते, तेव्हा अभ्यासासाठी आलेली एक मुलगी पेशंटना असलेच प्रश्न विचारून गुण मांडत होती. काकांना कल्पना झकास वाटली, पद्धत नाही. “माणूस आपली भीती खरी सांगतलो काय? सासऱ्याक पगार सांगितल्यासारखी सांगतलो.”

म्हणून ते उत्तर ऐकतात आणि नजरेने ताडून बघतात. बागेतले जोशी ‘शून्य’ म्हणाले. पण ते फाटक्या चपला शिवून घेत होते, नव्या घेत नव्हते. काकांनी त्यांना पाच दिले. मे महिन्यात वर्षाचा मसाला करून ठेवणारा मात्र थेट शून्यावर. काकी गेल्यावरही काका दरवर्षी मिरच्या वाळवून, गिरणीतल्या डंखावर कुटून आणतात आणि बरणी सगळ्यांना दाखवतात.

गेल्या वर्षी माझी अँजिओप्लास्टी झाली. काका शहाळं घेऊन आले आणि बायकोसमोरच म्हणाले, “किती?”

“एक,” मी म्हणालो. बायकोला बरं वाटलं.

काका हात धुवायला बाथरूममध्ये गेले. बाहेर आले ते कडीला तेल घाल म्हणत. बरेच दिवस कडी लावलेली दिसत नाही, असंही म्हणाले. मी निरोप द्यायला लिफ्टपर्यंत गेलो तेव्हा हळूच म्हणाले, “सात.”

खरं तर आठ. आत पडलो आणि दार आतून बंद असलं तर, या भीतीने मी दार लोटूनच आंघोळ करायचो. हे मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. त्यानंतर काकांना टाळण्यासाठी मी जिन्याने येऊ-जाऊ लागलो. डॉक्टरांनी सांगितलंय, असं बायकोला सांगायचो. तिने जिन्याचंही कौतुक केलं.

यंदा मे महिन्यात काका दारात उभे. हातात मसाल्याची भरलेली बरणी.

“ही तुझ्याकडं ठेव. दर रविवारी दोन चमचे आणून दे.”

“अहो, एकट्या माणसाला घरात बरणी जड झाली का?”

“घरात ठेवली तर तू कित्याक येतलंस?” बरणीच्या झाकणावर एक चावी बांधलेली होती. “आमच्या लॅचची. बेल वाजवून वाट बघत राहू नको.”

त्यांचा मुलगा कॅनडात असतो. बेल वाजवणारं दुसरं कुणी नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी पहिल्यांदाच विचारलं, “काका, किती?”

ते लिफ्टकडे वळले होते. बटण दाबून म्हणाले,

“रविवारी ये. सांगतंय.”