भिंतीपलीकडचा गंधार

"रियाज म्हणजे मॅनेजमेंट!" शशिकांतनं जाहीर केलं. तो मिनिस्ट्रीत सेक्शन ऑफिसर. व्हायोलिनला फायलीतलं जेवढं कळतं, तेवढंच त्याला व्हायोलिनमधलं! पण दहा वर्षांच्या अलकनंदाचा घरचा रियाज त्यानं हाती घेतला. रोज संध्याकाळी सहाला एकच ओळ, वीस वेळा. प्रत्येक वेळी थांबायचं, ऐकायचं.

तिसऱ्या दिवशी अलकनंदा थांबली. व्हायोलिन थांबलं नाही!

तीच ओळ, भिंतीपलीकडून. खोल विहिरीतून यावी तशी.

"पप्पा, मी नाही वाजवलं." गज तिच्या मांडीवर होता.

"एको असेल!"

"एको माझी चूक कशी सुधारेल? माझा गंधार चुकला. त्याचा बरोबर आला."

 शशिकांत खाली चौकीदाराकडे धावला.

"साब, उस फ्लैट में तो आपके यहाँ आने के पहले से, तीन साल से ताला है," चौकीदार म्हणाला. "जब से वो बाजेवाली मैडम गुज़र गईं."

झालं! बायकोनं, हेमलतानं, दाराला लिंबू-मिरच्या टांगल्या. शशिकांत भिंतीकडे पाठ करून बसेना. उत्तर मात्र रोज येतच राहिलं. अलकनंदा खूश! "चलो, आज आजी काय सांगते बघू," असं ती सहज म्हणायची आणि आईबापांचे हातपाय गार पडायचे.

एका संध्याकाळी वीज गेली. अंधारात पलीकडचे सूर आणखीच जवळ आले. हेमलता रडायला लागली. तेव्हा शशिकांत मेणबत्ती घेऊन मागच्या जिन्यानं त्या फ्लॅटच्या स्वयंपाकघराच्या दाराशी गेला. टकटक केली.

दार उघडलं. पांढरा मफलर, पांढरा चेहरा!

शशिकांत किंचाळला. चेहराही किंचाळला!

ते फ्लॅटचे मालक अण्णासाहेब होते. बायको, प्रभाताई, गेल्यावर मुलाकडे नाशिकला गेलेले. आठवड्यापूर्वी परतले होते. कुणी सांत्वनाला येऊ नये म्हणून पुढचं कुलूप तसंच ठेवून मागून ये-जा करत होते.

"दोघं मिळून वाजवायचो," ते म्हणाले. "ती गेल्यावर हात लावायचा धीर नव्हता. पण तुमची पोर गंधार चुकवायची. प्रभा गप्प बसली नसती हो."

शशिकांतनं मेणबत्ती खाली ठेवली. "तिला शिकवाल?"

"बिल्कुल! एकच अट. रियाजाला तुम्ही घरात नको. मागून 'शाबास, शाबास' ओरडता, तिचा ताल जातो."

आता रोज सहाला शशिकांत सोसायटीच्या पार्कात फेऱ्या मारतो. कुणी विचारलंच, तर छाती काढून सांगतो, "मुलीचा रियाज घेतोय!"