साडेतीनला बसणारी बॅटरी

परबकाकांना वेळ विचारली तर ते टक्के सांगतात. परवाच जिन्यात मी विचारलं, "काका, किती वाजले हो?" त्यांनी शर्टाच्या खिशातून फोन काढला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "एकसष्ट." मग माझ्या अडाणीपणाची दया येऊन त्यांनी पुढे जोडलं, "म्हणजे साडेबारा वाजून गेले."

आमची सोसायटी मुलुंड पूर्वेची, चार मजली, बिनलिफ्टची. परबकाका पहिल्या मजल्यावर एकटे राहतात आणि मी त्यांच्या बरोबर डोक्यावर. वय सत्तरीपार, गाव वेंगुर्ल्याकडचं, काकी जाऊन सहा वर्षं झाली. चौतीस वर्षं ते भांडुपच्या एका बॅटरीच्या कारखान्यात टेस्टिंगला होते. ट्रकच्या बॅटऱ्या, ज्यात ॲसिड असतं आणि ज्या उचलताना माणसाची कंबर जाते. कारखाना बंद पडला, त्या जागी टॉवर उभा राहिला, पण काकांचं टेस्टिंग काही थांबलेलं नाही.

सोसायटीत कशातही बिघाड झाला की काका एकच प्रश्न विचारतात, "लोड काय आसा?" पाण्याचा पंप बंद पडला तर लोड काय आसा, जिन्यातला दिवा गेला तर लोड काय आसा. मागे माझी पाठ धरली तेव्हा बाकीच्यांनी मलम सुचवलं, काकांनी लोड विचारला. ही कारखान्यातली सवय. बॅटरी खराब निघाली म्हणून हातवारे करत भांडायला येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला ते हे विचारायचे, आणि बहुतेकांनी गाडीवर भलतेसलते दिवे आणि भोंगे लावलेले निघायचे. बॅटरी चांगली, लोड जास्त. मग ड्रायव्हर निमूट परत जायचे.

अशा माणसाने तीन महिन्यांपूर्वी नवा स्मार्टफोन घेतला. दुकानातला सगळ्यात मोठ्या स्क्रीनचा. दुकानदाराने छातीठोकपणे सांगितलं की काका, एकदा चार्ज केला की दोन दिवस बघायला नको. काकांनी फोनला हळदकुंकू लावलं आणि आधी रात्रभर चार्जिंगला ठेवला, कारण नव्या बॅटरीचा पहिला चार्ज पोटभर झालाच पाहिजे. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला वापरायला काढला. दुपारी साडेतीनला बॅटरी बसली. तिसऱ्या दिवशी पुन्हा साडेतीनलाच बसली.

"सहापर्यंत टिकाक होयी," काका मला म्हणाले. सहापर्यंतच का, असं मी विचारलं तर म्हणाले, "सहा म्हणजे सहा." त्या दिवसापासून सकाळी दहा ते संध्याकाळी सहा बॅटरी टिकवायची, हे काकांच्या आयुष्याचं एकमेव ध्येय होऊन बसलं. आणि मी वरच्या मजल्यावर राहतो, विमा कंपनीचं काम अर्धे दिवस घरून करतो, म्हणजे रिकामाच असतो अशी त्यांची समजूत आहे, त्यामुळे ते माझंही ध्येय झालं.

त्यांनी रजिस्टर घातलं. कारखान्यातलं जुनं, लांबट, निळ्या रेघांचं. वेळ, टक्के, तापमान, शेरा असे रकाने. तापमान हाताच्या पाठीने घ्यायचं, त्यामुळे नोंदी गार, कोमट आणि भाकरीसारखा अशा. फक्त लोडचा रकाना कोरा होता. मी तो दाखवला तर म्हणाले, "तो भरतलंय मागाहून."

मी माझ्या परीने उपाय केले. स्क्रीनचा उजेड कमी केला, तो त्यांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा पूर्ण वाढवलेला होता. नको ती ॲप काढून टाकली. चार्जिंगला लावूनच वापरा ना, म्हटलं, तर त्यांनी बाही वर करून दंडावरचा डाग दाखवला. चार्जिंगला लावलेल्या बॅटरीवर कुणीतरी लोड टाकला होता, ती उकळली आणि ॲसिड उडालं, त्याचा तो डाग. फोनमध्ये तसलं ॲसिड नसतं हे मी त्यांना तीनदा समजावलं. तिन्ही वेळा त्यांनी पुन्हा बाही वर केली. पॉवर बँकेचं नाव काढल्यावर चौथ्यांदा केली.

मग त्यांनी कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडची बाई हिंदीत बोलणारी, त्यामुळे काका हिंदीत उतरले. परबकाकांची हिंदी म्हणजे मालवणीला लावलेली इस्त्री. "मॅडम, रोज साडेतीन को बैठ जाता है," ते म्हणाले. कोण बैठता है, असं तिने विचारलं. "दुसरा कोण बैठेगा? फोन हातमें हय तबी बैठता हय, खिशामें हय तबी बैठता हय." मग तिने तक्रार नोंदवली म्हणून सांगितलं. संध्याकाळी मेसेज आला, तो मी वाचून दाखवला. ग्राहक रोज साडेतीन वाजता फोनवर बसतात, अशी नोंद होती. बसल्यामुळे होणारं नुकसान वॉरंटीत येत नाही, असंही खाली कळवलं होतं.

काका चिडले, पण हटले नाहीत. हा गुण मला त्यांचा आवडतो आणि त्याचाच त्रास होतो. त्यांनी मला सुट्टी घ्यायला लावली आणि रजिस्टर काखेत मारून आम्ही घाटकोपरच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. टेबलापलीकडे एक मराठी मुलगी होती, शांत, चष्मेवाली. तिने आधी फोन आडवा धरून वाकलाय का ते पाहिलं. "मी आयुष्यात कशावर बसलो नाय," काका म्हणाले. तिने त्यांचं रजिस्टर पानं उलटून नीट पाहिलं, एवढं आजवर कुणी लिहून आणलं नव्हतं असंही म्हणाली, आणि काका जरा खुलले. मग तिने फोन तपासायला लावला. बॅटरी ठणठणीत निघाली.

"काका, बॅटरीचा दोष नाही," ती म्हणाली. "वापर बघा ना. रोज पाच-सहा तास व्हिडिओ कॉल आहे. तोही एकाच नंबरवर."

काकांचे कान लाल झाले. त्यांनी तिच्या हातातून फोन काढून घेतला. "तुम्ही बॅटरी बघा. माणसं बघू नका," ते म्हणाले आणि वॉरंटीचा कागद आपटत मोठमोठ्याने भांडू लागले. चौतीस वर्षं ज्या ड्रायव्हरांना त्यांनी परत पाठवलं, ते अगदी असेच भांडत असणार. मी त्यांना कसाबसा बाहेर काढला.

माझ्या डोक्यात मात्र भलतंच शिरलं. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज त्या डिजिटल अरेस्टचे मेसेज येतात. खोटे पोलीस म्हाताऱ्या माणसांना व्हिडिओ कॉल करतात, तुम्हाला अटक झाली आहे म्हणतात, दिवसभर कॉल बंद करू देत नाहीत, कुणाला सांगू देत नाहीत आणि शेवटी लुबाडून मोकळे होतात. एकच नंबर, सहा तास, कुणाला सांगायचं नाही. माझ्या खालच्या घरात एक माणूस महिनोन्महिने अटकेत होता आणि मी त्याच्या स्क्रीनचा उजेड कमी करत होतो.

दुसऱ्या दिवशी सव्वातीनला मी चालू मीटिंगसकट लॅपटॉप उचलला आणि खाली गेलो. काकांचं दार लोटलेलं होतं. आतून दरडावणारा आवाज आला, "उठायचा नाय. गप बसून ऱ्हवायचा. माझी नजर आसा तुझ्यावर." आवाज परबकाकांचाच होता. म्हणजे अटक करणारे आमचे काकाच होते.

मी आत गेलो. काका स्वयंपाकघरात खाली बसून मेथी निवडत होते. समोर मिठाच्या बरणीला टेकवून फोन उभा केलेला, आणि त्यात खुर्चीवर बसलेला एक म्हातारा. मांडीवर टॉवेल, तोंडाची उजवी बाजू खाली ओघळलेली. तो डाव्या हाताने खुर्चीचा दांडा धरून उठू बघत होता आणि काका त्याला रागे भरत होते. मला पाहून काका आधी ओशाळले. मग म्हणाले, "हो आमचो कांबळे."

कांबळे मूळचे साताऱ्याकडचे. टेस्टिंगच्या टेबलावर चौतीस वर्षं दोघं समोरासमोर बसायचे. कांबळ्यांनी मीटरचा आकडा मोठ्याने वाचायचा, परबांनी लिहायचा. चार महिन्यांपूर्वी कांबळ्यांना लकवा झाला, उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. आता ते दहिसरला मुलाकडे असतात. मुलगा आणि सून दोघंही नोकरीला जातात, एक मावशी सकाळी येऊन त्यांचं अंघोळ-जेवण करते आणि तीनला निघते. सून सहाला येते. काका रविवारी दोन बस बदलून दहिसरला जातात. बाकीचे दिवस हा फोन. सकाळी पेपर वाचून दाखवायचा, मग खिशात घालून भाजीबाजार दाखवायचा, आणि तीन ते सहा राखण करायची.

"मग सकाळी बंद ठेवा ना काका. तीनला लावा," मी म्हटलं.

"एक दिवस तसा केलंय. सकाळपासून दाराकडे बघत बसलो तो. जेवलोच नाय." काकांनी मेथीची काडी बाजूला टाकली. "आणि पयल्यांदा बॅटरी बसली त्या दिवशी सून सहाला घरी इली, तर हो तसोच. काळ्या स्क्रीनसमोर. पाणी हाताशी होता, ता पण घेऊक नाय. त्याका वाटला मी येतलंय परत. आता बसली की चार्ज करून साडेपाचाक परत फोन लावतंय, पण मधले दोन तास तो एकटोच."

"म्हणजे लोड जास्त आहे हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मग त्या मुलीशी भांडलात कशाला?"

"लोड कमी करूक येत नसलो, तर मोठी बॅटरी मागूकच होयी, मिलिंदा," काका म्हणाले. "उद्या परत जातलंय. कंपनीन दोन दिवस सांगितल्यान, मी आठ तास मागतंय."

इतक्यात स्क्रीनचा कोपरा लाल झाला. तीन टक्के. काकांचा हात मेथीवरच थांबला. मी माझा फोन काढला, दहिसरचा नंबर विचारला आणि लावला. माझा अनोळखी चेहरा बघून कांबळे दचकले, मग काकांनी फोन घेऊन बरणीला टेकवला आणि मी कोण ते सांगितलं. कांबळ्यांनी डावा हात छातीशी नेऊन मला नमस्कार केला.

मी तिथेच बसलो. लॅपटॉपवर मीटिंग, फोनवर कांबळे. साहेबांचा फोन मध्ये दोनदा आला, दोनदा कापला. काकांनी मेथी निवडून संपवली, मग लसूण घेतला. कांबळ्यांना डुलकी लागली तेव्हा काका मलाही हळू बोल म्हणाले. बाकी बोलणं असं काहीच झालं नाही. आधी मला माझ्या संशयाची लाज वाटत होती. नंतर त्या दोघांचा हेवा वाटू लागला. ज्याच्यासमोर न बोलता अडीच तास बसता येईल असा एकही माणूस माझ्याकडे नाही.

सहाला दहिसरच्या दाराची कडी वाजली आणि सुनेचा आवाज आला. मी कॉल बंद करायला हात पुढे केला, तर काकांनी माझं मनगट धरलं.

"तू नाय. फोन तो ठेवता."

कांबळ्यांचा डावा अंगठा स्क्रीनकडे येऊ लागला. थरथरत, वाट चुकत, मोठा मोठा होत. एकदा बाजूलाच टेकला. दुसऱ्यांदा घसरला. काका श्वास धरून बघत होते. तिसऱ्या वेळी सगळी स्क्रीन त्या अंगठ्याने भरून गेली आणि कॉल बंद झाला.

"परवा सहा खेपा लागल्या होत्या," काका म्हणाले. मग त्यांनी माझ्या फोनची काच सदऱ्याच्या टोकाने नीट पुसली आणि फोन माझ्या हातात दिला.