घरी ताटं किती?

दत्तोपंत कर्णिकांनी आमच्या फुटबॉल क्लबातल्या एकाही खेळाडूला ‘तू कुठल्या जागी खेळतोस?’ असं कधी विचारलं नाही. त्यांचा प्रश्न एकच असे, “घरी ताटं किती?”

मी तेव्हा अंबरनाथच्या एका कारखान्यात कारकून होतो आणि अक्षर बरं म्हणून क्लबाचा सेक्रेटरीही. आसपासच्या क्लबांची एक लीग होती, तिच्यात आम्ही इमानेइतबारे शेवटचे येत असू. खेळाडूंच्या पगारासाठी कारखाना दरवर्षी ठरावीक रक्कम देई. मुंबईहून आणलेले तीन नामांकित खेळाडू हंगाम निम्मा व्हायच्या आत ती फस्त करत आणि मग त्यांचे गुडघे दुखू लागत. शेवटी मोठ्या साहेबांनी बजावलं, नवा मॅनेजर नेमा, आणि यंदाही शेवटचा नंबर आला तर क्लबाला कुलूप लावा. कमिटीने बरंच डोकं खाजवलं. कारखान्यात मॅनेजर म्हणवणारा आणि दुपारी तीननंतर मोकळा असलेला माणूस एकच निघाला. कँटीनचे मॅनेजर दत्तोपंत.

दत्तोपंतांनी जन्मात चेंडूला पाय लावला नव्हता. कशालाही पाय लागला की ते नमस्कार करत. पहिल्याच सामन्यात मैदानाबाहेर आलेला चेंडू त्यांच्या पायावर आपटला, तेव्हा त्यांनी वाकून चेंडूला नमस्कार केला आणि दोन्ही हातांनी उचलून पंचांकडे नेऊन दिला. पंचांनीही तो प्रसाद घ्यावा तसा घेतला.

पगाराची रक्कम ऐकल्यावर ते एवढंच म्हणाले, “आमटी एवढीशी आणि सगळी तिघांच्याच वाटीत?” मुंबईच्या तिघांना नारळ देऊन निरोप दिला गेला. नवा संघ अंबरनाथ, बदलापूर आणि उल्हासनगरच्या निर्वासित कॅम्पातल्या पोरांचा उभा राहिला, आणि पगाराचा नियम दत्तोपंतांनी कँटीनमधून आणला. ज्याच्या घरी जास्त ताटं, त्याला जास्त पैसे.

कुळगावचा बंडू म्हात्रे आमचा फुलबॅक. अनवाणी खेळे, चेंडू कुठेही असला तरी माणूस अडवे. घरी खटलं मोठं, म्हणून पगार सगळ्यांत जास्त. लछमन, म्हणजे आमचा लछू, सेंटर फॉरवर्ड. कराचीहून आईला घेऊन आलेला, उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये बरॅकीत राहणारा. गोल सगळे त्याचे, पण ताटं दोन. पगार सगळ्यांत कमी.

“अहो, गोल तो करतो,” मी म्हणालो.

“गोल शिजवून खातात का?” दत्तोपंतांनी विचारलं. मी वहीत लछूपुढे दोन ताटं लिहिली.

नियमाचा परिणाम लगेच दिसला. संघातल्या दोघा ब्रह्मचाऱ्यांनी भर हंगामात लग्नं उरकली. एकाने बदलापूरहून आत्या आणून ठेवली. पण दत्तोपंत कच्चे नव्हते. रात्री ऐन जेवणाच्या वेळी ते खेळाडूच्या घरी तपासणीला जात आणि सोबत मला नेत. बंडूकडे गेलो तर ओटीवर मुलंच मुलं.

“सगली आमचीच हायेत, साहेब,” बंडू म्हणाला.

दत्तोपंतांनी वहिनींना रिकामी ताटं मधोमध ठेवायला सांगितली. म्हणाले, “चला रे, घ्या आपापलं ताट.” बंडूची मुलं तुटून पडली, हे माझं, ते पोचा आलेलं तुझं, म्हणत त्यांची जुंपली. शेजारून उसनी आणलेली मुलं मात्र शहाण्यासारखी उभी राहिली.

“ही उभी आहेत ती कोणाची?” दत्तोपंत म्हणाले. बंडू पायाच्या अंगठ्याने जमीन उकरू लागला. त्याचा पगार काही कापला गेला नाही. उलट त्या उसन्या मुलांना वाढेपर्यंत दत्तोपंत तिथून हलले नाहीत.

गंमत म्हणजे संघ जिंकू लागला. घरी काय शिजणार याची काळजी मिटल्यावर माणसं बरी धावतात, असं दत्तोपंतांचं म्हणणं. मला वाटे, लछू आहे म्हणून जिंकतो. त्यामुळे लछूला मुंबईच्या एका बड्या क्लबाचं बोलावणं आलं, तेव्हा मला मोठ्या साहेबांचं कुलूप दिसू लागलं. तो गेला असता तर आमचा क्लब संपला होता.

त्याला घेऊन मी संध्याकाळी स्टेशनच्या पश्चिमेला दत्तोपंतांच्या खोलीवर गेलो. म्हटलं, आता तरी नियम मोडा. दार उघडंच होतं. शेगडीपाशी उभे राहून दत्तोपंत पातेल्यातूनच भात खात होते. दिवसभर अख्ख्या कारखान्याला वाढणारा माणूस.

लछू बघतच राहिला. म्हणाला, “साईं, आपका ताट किधर है?”

“ही गेली तेव्हापासून काढलं नाही,” दत्तोपंत सहज म्हणाले. “मूलबाळ नाही. एका माणसासाठी ताट कोण घासत बसणार?” मग पातेलं खाली ठेवून त्यांनी लछूचं सगळं ऐकून घेतलं. “जा तू. तिथे गोल मोजतात. तुझ्या आईला जरा सुख लागेल. नियम मला मोडता यायचा नाही, बाकीच्यांच्या पोटाचं आहे ते.”

मी कपाळाला हात लावला. लछू निघून गेला.

पगाराच्या दिवशी तो रांगेत उभा होता. दत्तोपंतांनी मान वर न करता विचारलं, “ताटं किती?”

“तीन.”

“दोन होती. लग्न केलंस?”

“नहीं साईं. तुम्ही तपासायला या ना.”

आम्ही गेलो. बरॅकीत गोणपाटाचा पडदा टांगून केलेली खोली, पालक-डाळीच्या साईभाजीचा वास, आणि जमिनीवर तीन ताटं. लछूची आई म्हणाली, “अदा, बैठो.” सिंधीत भावाला अदा म्हणतात. तिसरं ताट नवंकोरं होतं. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालतात हे लछूने आमच्याच घरांतून पाहिलं होतं. कॅम्पातल्या भांडीवाल्याकडून त्याने काठावर ठोके मारून नाव घालून आणलं होतं. दत्तोपंत कर्णिक.

“वो मुंबईवालों को मना बोला,” लछू म्हणाला. “अम्मा म्हणते, उद्यापासून तुम्ही रोज इकडेच जेवायचं.”

दत्तोपंतांनी त्या नावावरून बोट फिरवलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग मॅनेजरच्या आवाजात म्हणाले, “या तिसऱ्या ताटाचे पैसे क्लब देणार नाही. ते जेवणारा देईल.”

त्या दिवशी ते पोटभर जेवले. मागून घेऊन जेवले. मग कोणाला हात लावू न देता त्यांनी बाहेरच्या नळावर आपलं ताट स्वतः घासलं, पंच्याने कोरडं केलं, लछूच्या आणि त्याच्या आईच्या ताटांमध्ये नीट उभं करून ठेवलं आणि विचारलं, “उद्या किती वाजता येऊ?”